खासदाराची जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावीच लागते का?

तुम्ही विचारलंय, "आमच्या खासदारांनी गेल्या महिन्यात राजीनामा दिला. सहा महिन्यांत पोटनिवडणूक झालीच पाहिजे असं ऐकलंय, पण गावात म्हणतात की सगळं आयोगाच्या मनावर असतं. खरं काय?"

दोन्ही खरं आहे. कसं ते सांगते, कारण मी पुण्याची मतदार आहे आणि आमची जागा चौदा महिन्यांहून जास्त काळ रिकामी राहिली होती.

आधी कायदा. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चा, पण त्यात पोटनिवडणुकीला मुदतच नव्हती. १९९६ साली कलम १५१ अ घातलं गेलं. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्यायची, असं ते सांगतं. त्याला दोन अपवाद आहेत. एक, उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असेल तर. दुसरा, केंद्र सरकारशी सल्लामसलत करून निवडणूक आयोगाने 'या मुदतीत निवडणूक घेणं अवघड आहे' असं प्रमाणित केलं तर. गावात जे म्हणतात ना, 'आयोगाच्या मनावर', ते या दुसऱ्या अपवादातून आलंय.

आता पुण्याचं ऐका. मी कसबा पेठेत राहते. २२ डिसेंबर २०२२ ला आमच्या आमदार मुक्ता टिळक गेल्या, ३ जानेवारी २०२३ ला चिंचवडचे लक्ष्मण जगताप गेले. १८ जानेवारीला दोन्ही पोटनिवडणुका जाहीर झाल्या. ३१ ला अधिसूचना, ७ फेब्रुवारीपर्यंत अर्ज, दुसऱ्या दिवशी छाननी, १० पर्यंत माघार आणि २६ फेब्रुवारीला रविवारी मतदान. आधी २७ तारीख होती, बारावीच्या परीक्षेमुळे ती एक दिवस अलीकडे घेतली. म्हणजे मनात आणलं की परीक्षेचं वेळापत्रक सांभाळूनसुद्धा दोन महिन्यांत सगळं होतं.

त्या प्रचारात पुण्याचे खासदार गिरीश बापट नाकाला ऑक्सिजनची नळी लावून, व्हीलचेअरवर बसून केसरीवाड्यात आले होते. पक्ष कुठलाही असो, त्या अवस्थेत आलेला माणूस पाहून आमच्या वाड्यातल्या विरोधी मतदारांनाही गलबलून आलं होतं. २९ मार्चला ते गेले. माझ्या नखाच्या कडेला पोटनिवडणुकीची शाई अजून होती. तेव्हा मला वाटलं, ही शाई जायच्या आत बहुतेक दुसरी लागणार.

ती लागली १३ मे २०२४ ला, सार्वत्रिक निवडणुकीत.

मुदतीचा हिशोब साधा होता. सतरावी लोकसभा १६ जून २०२४ पर्यंत होती, म्हणजे बापट गेले तेव्हा साडेचौदा महिने बाकी होते. पहिला अपवाद लागू नव्हता. चंद्रपूरचे खासदार बाळू धानोरकर ३० मे २०२३ ला गेले, तिथेही वर्षाहून सतरा दिवस जास्त होते. सहा महिने भरले ते पुण्यात सप्टेंबरअखेर, चंद्रपुरात नोव्हेंबरअखेर. पण त्याआधीच, ऑगस्टमध्ये, आयोगाने दुसरा अपवाद वापरला होता. इतर निवडणुकांची आणि २०२४ च्या लोकसभेची तयारी चालू आहे, यंत्रणा गुंतलेली आहे, शिवाय निवडून येणाऱ्याला मुदत फार थोडी मिळेल, अशी कारणं होती.

मला यातलं काय बोचतं ते सांगते. १८ जुलै २०२३ ला केरळचे आमदार ओमन चंडी गेले. त्यांच्या पुतुप्पळ्ळीत ५ सप्टेंबरला मतदान झालंसुद्धा, आणि त्याच दिवशी इतर राज्यांतल्या आणखी सहा विधानसभा जागांवरही. आमच्या नंतर रिकामी झालेली जागा आमच्या आधी भरली. मग 'यंत्रणा गुंतलेली' हे कारण कसं पटवून घ्यायचं?

पुण्यातल्याच एका मतदाराने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. १३ डिसेंबर २०२३ ला न्यायमूर्ती गौतम पटेल आणि कमल खाता यांच्या खंडपीठाने पोटनिवडणूक ताबडतोब घ्या असा आदेश दिला. लोकांना प्रतिनिधीविना ठेवणं घटनेला धरून नाही, हा त्याचा गाभा. पण तोवर साडेआठ महिने गेले होते. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला, ८ जानेवारी २०२४ ला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. तिथेही आयोगाला विचारणा झाली की मार्चपासून तुम्ही थांबलात कशाला. पण लोकसभा तोंडावर आलेली, उपयोग काय. उशीर करायचा आणि मग उशीर झाला हेच कारण द्यायचं, हे मला आजही मान्य नाही.

यात कोणाचं काय अडतं, असं काही जण म्हणतात. ऑक्टोबर २०२३ ला माझ्या शेजारणीच्या मुलाचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. रुग्णालयातल्या बाईंनी सांगितलं, पंतप्रधान मदत निधीसाठी अर्ज करा आणि सोबत खासदारांचं पत्र जोडा. आम्ही दोघी फाईल घेऊन फिरलो. खासदारच नाहीत. नगरसेवकाकडे जावं तर महापालिकेत मार्च २०२२ पासून प्रशासक. शेवटी कोणीतरी राज्यसभेच्या खासदारांच्या कार्यालयाचा पत्ता दिला, तिथून पत्र मिळालं, पण तीन आठवडे गेले. मुलगा आता बरा आहे. वीस लाखांहून जास्त मतदारांच्या शहरात अशा किती फायली कुणाच्या पिशवीत पडून राहिल्या असतील!

आता तुमच्या जागेचं. राजीनामा दिला ती तारीख धरू नका, लोकसभा अध्यक्षांनी तो स्वीकारला ती धरा. जागा त्या दिवशी रिकामी होते. मग लोकसभेची मुदत कधी संपते ते बघा. चार-दोन आठवड्यांनी किती फरक पडतो ते २०१८ मध्ये दिसलं. लोकसभा ३ जून २०१९ ला संपणार होती. कर्नाटकातल्या तीन जागा मे २०१८ मध्ये रिकाम्या झाल्या, तिथे पोटनिवडणूक झाली. आंध्रातल्या पाच २० जूनला रिकाम्या झाल्या, तिथे झाली नाही. अर्थात वर्ष कुठून मोजायचं यावरही वाद आहे. आयोगाने तिथे जागा रिकामी झाल्यापासून मोजलं, पण मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अकोला पश्चिमची पोटनिवडणूक रद्द केली ती नव्या आमदाराला वर्षही मिळणार नाही म्हणून. तुमच्याकडे वर्षाच्या काठावरचं गणित असेल तर हे ध्यानात ठेवा.

जवळपास विधानसभेची निवडणूक असेल तर बहुधा तिच्यासोबत उरकतात. बीडला २०१४ मध्ये, साताऱ्यात २०१९ मध्ये, नांदेडला २०२४ मध्ये तसंच झालं. नांदेडला तर खासदार ऑगस्टअखेर गेले आणि २० नोव्हेंबरला मतदान.

अधिसूचनेपासून मतदानापर्यंत कायद्याने किमान चोवीस दिवस लागतात. म्हणजे पाचवा महिना संपत आला तरी अधिसूचना नसेल, तर पोटनिवडणूक मुदतीत होणार नाही हे धरून चाला. तोवर थांबू नका. तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच माहिती अधिकारात आयोगाला एकच प्रश्न विचारा, आमच्या मतदारसंघाबाबत कलम १५१ अ खाली 'अवघड आहे' असं प्रमाणित केलंय का, केलं असेल तर प्रत द्या. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. प्रत हातात आली आणि कारण पटण्यासारखं नसलं, तर उच्च न्यायालयात जायला तुमच्याकडे वेळ उरलेला असेल. पुण्याकडे तो उरला नव्हता.