सौर पॅनलची जागा ठरवताना आधी सावली बघा

गहू-हरभऱ्याची पेरणी उरकत आली तशी सौरपंपाबद्दलची विचारणा वाढली आहे. इंदूर जिल्ह्यातल्या सांवेरच्या एका शेतकऱ्यांच्या विहिरीच्या काठाला जुना कडुलिंब आहे. पॅनल त्याच्या शेजारीच बसवले तर चालतील का, असं ते विचारतात. त्याच जिल्ह्यातल्या देपालपूरचा प्रश्न वेगळा आहे: सौर प्रकल्पासाठी पाच एकर काळी जमीन 25 वर्षांच्या भाड्याने मागताहेत, द्यावी का?

कडुलिंबाच्या उत्तरेला पॅनल मुळीच लावू नका. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो. डिसेंबरअखेरीस इंदुरात तो भर दुपारीही जेमतेम 44 अंश वर चढतो. त्यामुळे 30 फुटी झाडाची सावली दुपारी साडेबाराला साधारण 30 फूट पडते, तर सकाळी साडेनऊला आणि दुपारी साडेतीनला जवळपास 60 फूट. गव्हाला पाणी द्यायचे दिवस नेमके हेच. पॅनल ओळीने एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे एकावर फांदीची सावली आली तरी सगळ्या ओळीची वीज घटते.

डिसेंबरात एखाद्या निरभ्र दिवशी या तिन्ही वेळांना सावलीच्या कडेने चुना टाका. चुन्याबाहेर जी जागा उरेल ती पॅनलची. कडुलिंब तोडायची गरज नाही, त्याच्या दक्षिणेला मोकळी जागा असेल तर उत्तमच. पॅनलचं तोंड दक्षिणेला आणि कल 23 अंशांच्या आसपास ठेवा. विहिरीपासून फार लांब मात्र जाऊ नका. केबल लांबली की वीज वाटेतच वाया जाते. लांब न्यावीच लागली तर जाड केबल मागून घ्या.

आता देपालपूर. सोयाबीन आणि गहू अशी दोन्ही पिकं देणारी काळी जमीन 25 वर्षं अडकवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया खाली मुरमापर्यंत नेला नाही तर खांब हलतात. तुमचं बरड रान असेल तर ते दाखवा. शेतकऱ्यांना सौरऊर्जेसाठी मदत करणाऱ्या केंद्र सरकारच्या 2019 पासूनच्या पीएम-कुसुम योजनेच्या ‘अ’ घटकात 500 किलोवॉट ते 2 मेगावॉटचे प्रकल्प पडीक जमिनीवरही होतात. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात. सबस्टेशन पाच किलोमीटरच्या आत असावं, नाहीतर लाइनचाच खर्च डोईजड होतो. काळीच जमीन द्यायची झाली तर पॅनल उंच खांबांवर घ्यायला लावा, म्हणजे खाली पीक घेता येईल.

खळं, वीटभट्टी, कच्चा रस्ता यांच्या लगतची जागा दोघांनीही टाळावी. मळणीची धूळ काचेवर बसते. ती सकाळी काच थंड असताना मऊ कापडाने पुसावी.

करारावर सही करण्याआधी खसरा-नक्शा (जमिनीची नोंद आणि नकाशा) पटवाऱ्याकडून, म्हणजे तलाठ्याकडून, तपासून घ्या, आणि मुदत संपल्यावर लोखंड-काँक्रीट कोणी उपटून न्यायचं तेही लेखी घ्या.