वाचक विचारतात: हा फ्रॉक आडवा का उभा राहतो?

प्रश्न: ताई, माझी सात वर्षांची मुलगी बॅले क्लासला जाते, आता शो आहे आणि क्लासवाल्यांनी तो ताटासारखा आडवा पसरणारा फ्रॉक आणायला सांगितलाय. सासूबाई म्हणतात हे कसलं कापड, पोरीने बसायचं कसं? आमचा टेलर म्हणतो कॅनकॅन लावून देतो, होऊन जाईल. होईल का? आणि मुळात हा असा असतो का?
(एक आई, जोगेश्वरी)

उत्तर: सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, कारण त्यांनी बरोबर मुद्दा पकडलाय. या फ्रॉकला टूटू म्हणतात, आणि तो घालून नीट बसता येत नाहीच. तो नाचायचा कपडा आहे, त्यातसुद्धा पाय दिसावेत म्हणून केलेला, आणि इथपर्यंत यायला त्याला दोनशेच्या वर वर्षं लागली.

सुरुवातीला बॅलेचा वेगळा असा ड्रेसच नव्हता. फ्रान्सच्या दरबारात जे घालायचे तेच आणखी भरजरी करून नाचात. चौदावा लुई स्वतः १६५३ मध्ये उगवता सूर्य बनून नाचला, पोरगं चौदा वर्षांचं, अंगभर सोनेरी किरणं. पॅरिसच्या ऑपेरात व्यावसायिक नर्तकी आल्या १६८१ मध्ये, पण त्यांना जमिनीपर्यंत घागरा, आत तो फुगवणारा सांगाडा, घट्ट चोळी, टाचेचे बूट. आता यात उडी मारली काय नि नाही मारली काय, दिसणार कुणाला? म्हणून मारी कामार्गो नावाच्या नर्तकीने अठराव्या शतकात घागरा घोट्याच्या वर घेतला, कारण तिचं कसब सगळं पायात होतं, आणि लोकांना केवढा धक्का बसला! तिचीच प्रतिस्पर्धी मारी साले, तिने १७३४ मध्ये लंडनला सांगाडाच काढून टाकला आणि साधी मलमल अंगाभोवती घेऊन केस मोकळे सोडून नाचली. (आपल्याकडे हा प्रश्न काष्ट्याने कधीच सोडवला होता, नऊवारीत लांबी कमी न करता पाय मोकळे. पण ते त्यांना कोण सांगणार.)

नंतर तिकडे भारतीय मलमलीच्या पातळ पांढऱ्या झग्यांची फॅशन आली, आणि १८३२ मध्ये 'ला सिल्फीद' या बॅलेत मारी तालियोनी ही नर्तकी पांढऱ्या तलम, घंटेसारख्या घेराच्या पोटरीपर्यंतच्या घागऱ्यात आली. तो लांब टूटू. बघा, खांदे उघडे, कंबर बारीक, खाली घेर, म्हणजे त्या वेळच्या बायकांच्या पार्टी ड्रेसचाच हलका अवतार. उलट तिचं नाव एवढं झालं की पुरुषांच्या एका ओव्हरकोटलाच 'तालियोनी' म्हणायला लागले.

पण हे पातळ कापड आणि स्टेजवर गॅसचे दिवे. १८६२ मध्ये पॅरिसला तालमीत एमा लिव्ह्री या नर्तकीच्या घागऱ्याने पेट घेतला, आठेक महिन्यांनी ती गेली, वय अवघं वीस. आग लागू नये म्हणून कापडाला द्रावणात बुडवायची सोय होती, पण त्याने कापड कडक आणि मळकट दिसतं म्हणून तिने नकार दिला होता. घेरदार फॅशनमुळे त्या काळात घराघरातसुद्धा बायका अशाच भाजायच्या. मला हे वाचून दिवाळीत फुलबाज्या उडवणाऱ्या नायलॉनच्या फ्रॉकमधल्या पोरी आठवतात, असो.

ताटासारखा टूटू मात्र त्यानंतरचा. १८८० च्या दशकात इटलीहून रशियात गेलेल्या व्हर्जिनिया झुक्कीसारख्या नर्तकी एवढ्या जोरदार गिरक्या घ्यायच्या की त्यांना गुडघा, मांडी सगळं मोकळं हवं होतं, घागरा कापत कापत वर गेला आणि हळूहळू आडवा झाला.

आता टेलरचं. कॅनकॅन लावून नाही होणार. घागऱ्याचं कॅनकॅन कमरेला लावतात आणि ते घेर खाली फुगवतं. टूटूमध्ये कडक नेटच्या दहा-बारा झालरी चड्डीवर शिवतात, सगळ्यात आखूड खाली, मग वर एकेक लांब, प्रत्येक थर वरच्याला उचलून धरतो. सरळ भाड्याने घ्या. आणि माझं ऐकाल तर मॅडमना विचारून बघा, सात वर्षांच्या मुलीला सॉफ्ट नेटचा लांब टूटू जास्त शोभतो आणि बसताही येतं.

प्रश्न: मी फॅशन डिझाइनला आहे. बॅलेने फॅशन घेतली की फॅशनने बॅले? प्रोजेक्टसाठी हवंय, प्लीज लवकर.
(विद्यार्थिनी, माटुंगा)

उत्तर: दोघी एकमेकींचं कपाट उघडतात गं. १९१० मध्ये पॅरिसला 'शेहेराझाद' हा बॅले झाला, त्याचे कपडे करणाऱ्या लिओन बाक्स्टने सलवारी, झगझगीत निळे-नारिंगी रंग आणले, आणि तिथल्या बायकांना तसलंच हवं झालं. पॉल प्वारे हा तिथला फॅशन डिझायनर त्याच सुमाराला सलवारी आणि पगड्या विकत होता, तो कायम म्हणायचा मी बाक्स्टची कॉपी केली नाही, तर प्रोजेक्टमध्ये 'कॉपी' लिहू नकोस. १९२४ मध्ये उलटं झालं. 'ल त्रें ब्ल्यू' या बॅलेला कोको शनेलने कपडे दिले, ते म्हणजे चक्क विणलेले स्विमसूट आणि टेनिसचे कपडे, बीचवरचे उचलून स्टेजवर.

आणि तू कॉलेजला घालतेस ना, लिंकिंग रोडवर बेलीज म्हणून मिळतात, त्यांचा रस्ता दुसऱ्या महायुद्धातून येतो. अमेरिकेत चपला-बूट रेशनवर होते, तिथल्या डिझायनर क्लेअर मकार्डेलने नाचाचे बूट बनवणाऱ्या कापेझिओकडून बॅलेच्या सपातीला टणक तळ लावून घेतला. मग १९५६ मध्ये पॅरिसच्या नाचाचे बूट करणाऱ्या रोझ रेपेटोने ब्रिजित बार्दो या नटीसाठी एक जोड केला आणि जगभर झालं.

मुंबईचा धागा हवा असेल तर तोही आहे, आणि सर कौतुक करतील. १९२८ मध्ये ॲना पावलोवा ही रशियन बॅले नर्तकी मुंबईत नाचली, ते बघायला भरतनाट्यमच्या रुक्मिणी देवी आल्या होत्या. पुढे त्यांनी भरतनाट्यमचा पोशाख मंदिरातल्या मूर्ती बघून नव्याने बसवला.

प्रश्न: बॅलेच्या टाइट्स गुलाबीच का? माझी भाची सावळी आहे, तिच्या पायांवर ते मोजे उसने आणल्यासारखे दिसतात.
(मावशी, मुलुंड)

उत्तर: कारण तो 'स्किन कलर' ठरवणाऱ्यांची स्किन गोरी होती. पायाची रेघ तुटू नये म्हणून टाइट्स आणि बूट अंगाच्या रंगाचे हवेत, मग सावळ्या मुलींनी गुलाबी का घालायचे? न्यूयॉर्कच्या डान्स थिएटर ऑफ हार्लेम या बॅले कंपनीने १९७० च्या दशकातच ज्याच्या त्याच्या रंगाचे घालायला सुरुवात केली. तोवर आणि त्यानंतरही कित्येकजणी बुटांना फाउंडेशन फासत बसायच्या. लंडनच्या 'बॅले ब्लॅक' या नाचाच्या कंपनीबरोबर बूट बनवणाऱ्या फ्रीडने तपकिरी पॉइंट शूज, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहायचे बूट, काढले ते थेट २०१८ मध्ये. भाचीच्या मॅडमना विचारा, नसेल चालत तर का नाही चालत तेही विचारा.

प्रश्न: भाड्याचा टूटू आणलाय, घामाचा वास येतोय. धुऊ का?
(वाचक, डोंबिवली)

उत्तर: अजिबात नाही, नेट मरगळेल. उलटा टांगून ठेवा म्हणजे झालरी पडत नाहीत. मोठ्या थिएटरांत वासावर स्वस्तातली व्होडका फवारतात. जोगेश्वरीच्या सासूबाईंना सांगू नका.