स्कॉलरशिपची हुशार मुलगी पुण्यात गेल्यावर मागे का पडली?

प्रश्न: मुलगी नववीत आहे. पाचवी आणि आठवी दोन्ही स्कॉलरशिपला जिल्ह्याच्या मेरिट लिस्टमध्ये आली, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात पहिला नंबर कधी सोडला नाही. जूनपासून पुण्यात आत्याकडे राहून जेईई फाउंडेशनची बॅच करतेय, तिथे रँक 41, 38, 57 असे येतायत. मागच्या वेळी तर 57 चे 27 सांगितले. रोज रात्री फोन करून टेस्टचं विचारतो, नीट बोलत नाही, घमेंड आलीय असं वाटतं. आयक्यू टेस्ट करून घ्यावी का, आणि बॅच बदलायची तर कुठली?

दादा, पत्र दोनदा वाचलं. सगळ्या टेस्टचे रँक तुम्ही तारखांसकट लिहिलेत, पण पुण्यातल्या तिच्या एकाही मैत्रिणीचं नाव त्यात नाही. बॅचचं नंतर बघू, आधी तुम्ही शेवटी सहज लिहून टाकलंय ते घेतो.

दिवाळीत ती घरी आली, वाड्यातल्या पोरी किल्ल्याला माती आणायला बोलवायला आल्या, तर हिने आईला सांगायला लावलं की झोपलेय. आणि ती जागी होती, पांघरूण डोक्यावरून घेऊन. मागच्या वर्षीपर्यंत हीच मुलगी किल्ल्यावर मावळे मांडायला सगळ्यांच्या पुढे असायची हेही तुम्हीच लिहिलंय. ही घमेंड नाही हो दादा, ही लाज आहे. त्या पोरींनी चौकात तिच्या फोटोचा फ्लेक्स बघितलाय, 'गावची शान' लिहिलेला, तो तुम्ही अजून घडी घालून कपाटावर जपून ठेवलाय, आता त्यातल्या एकीने 'पुण्यात कितवी आलीस गं' विचारलं तर तिने काय सांगायचं? आणि नेमका हाच प्रश्न तुम्ही रोज रात्री फोनवर विचारताय.

तुम्ही म्हणता आम्ही कधी हात उगारला नाही, फक्त एवढंच सांगितलं की आमची इज्जत तुझ्या हातात आहे. ते 'फक्त' काढून टाका. चौदा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर आख्ख्या घराची इज्जत ठेवली तर ती 57 चे 27 सांगणारच. अमेरिकेत कॅरोल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर या मानसशास्त्रज्ञांनी पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग 1998 साली छापून आले, त्यात एका गटाला कोडी सुटल्यावर 'तू हुशार आहेस' म्हटलं आणि दुसऱ्याला 'तू मेहनत घेतलीस'. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. हुशार म्हटलेल्या मुलांनी नंतरच्या सोप्या कोड्यांतही माती खाल्ली, आणि दुसऱ्या शाळेतल्या मुलांना आपले मार्क कळवायचे होते तेव्हा मेहनती म्हटलेल्यांपेक्षा या हुशार म्हटलेल्यांतल्या कितीतरी जास्त मुलांनी ते वाढवून सांगितले. तुमची लेक खोटारडी झालेली नाही, तिला हुशार राहायचंय, कारण घरात तिची तेवढीच ओळख आहे.

आता एक गैरसमज, जो मला दर महिन्याला दहा पालकांकडून ऐकायला मिळतो, की हुशार पोरांत नेऊन ठेवलं की पोर अजून हुशार होतं. गणित कदाचित सुधारेलही, पण स्वतःबद्दल तिला जे वाटतं ते बऱ्याचदा खाली येतं. हर्बर्ट मार्श या संशोधकाने 1980 च्या दशकात हे दाखवून दिलं, की सारख्याच कुवतीची दोन मुलं घेतली, एक साध्या शाळेतलं आणि एक निवडक हुशार मुलांच्या शाळेतलं, तर निवडक शाळेतल्या मुलाला आपण अभ्यासात कमी आहोत असं जास्त वाटतं, पुढे पिसा या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या आकडेवारीतही बऱ्याच देशांत तेच दिसलं. साधं आहे, मूल स्वतःला शेजारच्या बाकाशी मोजतं. गावात ती वर्गात पहिली होती, इथे प्रत्येक बाकावर कुठल्यातरी गावचा पहिला नंबर बसलाय. तिचं गणित आटलेलं नाही, फक्त बाक बदललाय. आणि 57 किती मुलांत ते तुम्ही लिहिलंच नाहीत! बॅच तीनशेची असेल तर पोरगी उत्तम चाललीय.

याचा अर्थ हुशार मुलांना एकत्र आणूच नये असा नाही. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची प्रशाला 1969 पासून अशाच मुलांसाठी आहे, पण तिथली मुलं दलावर, म्हणजे रोजच्या मैदानी गटात, खेळतात, मिरवणुकीत बरचीचा नाच करतात, रँकशिवायही त्यांना एक जागा असते. तुमच्या मुलीला शाळा, क्लास आणि आत्याची खोली एवढंच आहे.

आयक्यू टेस्ट नको. आकडा कमी आला तर ती मोडेल, जास्त आला तर तुम्ही नवा फ्लेक्स छापाल, स्पष्ट बोलतोय, राग मानू नका. टर्मन या मानसशास्त्रज्ञाने 1921 मध्ये कॅलिफोर्नियात टेस्ट घेऊन दीड हजार हुशार मुलं निवडली, ती टेस्ट देऊनही निवड न झालेल्या शॉकली आणि अल्वारेझ या दोघांना पुढे नोबेल मिळालं, निवडलेल्यांपैकी एकालाही नाही.

जेईई अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर असते, नववीत फाउंडेशन नसलं म्हणून दार बंद होत नाही, आणि तिला खरंच गणित आवडत असेल तर आयओक्यूएम ही गणित ऑलिम्पियाडची पहिली परीक्षा, किंवा आयसर, आयएसआय, सीएमआय या विज्ञान-गणिताच्या संस्था, असे बाकीचे रस्तेही आहेत.

म्हणून बॅचचं नाव मी सुचवणार नाही. येत्या रविवारी तुम्ही आणि वहिनी पुण्याला जा, वही-मार्कशीट न बघता दिवसभर तिच्याबरोबर राहा, आणि 57 चं आम्हाला माहितीये, त्याबद्दल राग नाही, हे तुम्ही स्वतः तोंडाने म्हणा, आईकडून निरोप नको. मग विचारा इथे राहायचंय की घरी यायचंय. घरी म्हणाली तर नववी संपली की आणा, दहावी जुन्या शाळेत होऊ द्या, भरलेल्या फीचा हिशोब तिच्यासमोर काढू नका. राहते म्हणाली तर संध्याकाळचा एक तास खेळाचा, आत्यालाही तसं सांगून ठेवा. झोप किंवा जेवण तुटलं असेल, 'मी नसते तर बरं' असलं काही बोलली असेल, तर रविवारची वाट बघू नका, आजच जा आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, 14416 या टेली मानसच्या सरकारी नंबरवर फोनवरही बोलता येतं.

ती काय म्हणाली ते कळवा. आणि शक्य असेल तर पुढचं पत्र तिलाच लिहू द्या, तुम्ही न वाचता पाठवा.