फायबरच्या होडीत स्क्रू न मारता वायर कशी बसवावी?

प्रश्न : माझी 24 फुटी फायबरची होडी आहे. तिच्यावरचे दिवे, फिश फाइंडर आणि तळातले पाणी उपसणारा पंप 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. गेल्या हंगामात वायरिंग करणाऱ्याने क्लिपा थेट होडीच्या अंगात स्क्रूने बसवल्या आणि दोन ठिकाणी पाणी झिरपू लागले. ती भोके बुजवून मी चिकटपट्टीचे केबल टायचे बेस (वायर बांधायची प्लास्टिकची पट्टी, म्हणजे टाय, ज्यांतून ओवतात त्या चकत्या) लावले, तर तेही महिनाभरात गळून पडले. आता काय करावे?
— एक वाचक, देवगड

उत्तर : बेस गळून पडले यात दोष चिकटपट्टीपेक्षा जागेचा अधिक आहे. फायबरच्या होडीची बाहेरची बाजू साच्यातून निघत असल्याने गुळगुळीत असते; आतली बाजू मात्र काचतंतूंची मॅट (चटई) आणि विणलेल्या काचकापडामुळे खडबडीत राहते, आणि तिच्यावर फोमची पट्टी केवळ उंचवट्यांपुरती टेकते. त्यातच आतला शेवटचा थर चिकट राहू नये म्हणून रेझिनमध्ये (काचतंतूंना बांधणाऱ्या राळेत) अनेकदा मेण घातलेले असते, आणि मेणावर काहीही धरत नाही.

म्हणून पट्टी खरवडून टाकावी आणि बेस घट्ट इपॉक्सीने (दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या गोंदाने) बसवावेत. जागा आधी ॲसिटोनने, दर वेळी कापडाची स्वच्छ घडी घेऊन पुसावी, मग 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासावी आणि धूळ पुन्हा पुसून घ्यावी. हा क्रम उलटा केल्यास मेण काढले न जाता घासून आत भरले जाते, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. बेस नायलॉनचा असेल तर इपॉक्सी त्याला मनापासून धरत नाही. त्यामुळे भोके असलेला बेस घेऊन तो इपॉक्सीत असा दाबावा की भोकांतून वर आलेला लगदा रिव्हेटच्या डोक्यासारखा पसरेल. टाय ओवायची खाच तेवढी मोकळी ठेवावी. रात्रभर सुकल्याशिवाय त्यावर वायरचा भार देऊ नये.

बॅटरीच्या जाड केबलला हे बेस पुरणार नाहीत. तिथे मरीन प्लायवुडचे ठोकळे कडांसह सर्व बाजूंनी इपॉक्सीने माखून होडीच्या अंगाला चिकटवावेत आणि क्लिपा त्या ठोकळ्यांत, त्यांच्या जाडीपेक्षा आखूड स्क्रूने बसवाव्यात. स्क्रूशी आपले वैर नाही. होडीच्या अंगाला भोक पडू नये, एवढेच पाहायचे आहे.

लहान नौकांच्या आंतरराष्ट्रीय मानकांत दोन आधारांमधले अंतर जास्तीत जास्त 450 मिलिमीटर, म्हणजे सुमारे दीड फूट, धरले आहे. लाटांवर आपटत जाणाऱ्या होडीत मी ते फूटभरच ठेवीन. टाय काळे, उन्हात टिकणारे घ्यावेत आणि वायरचे आवरण चेपेल इतके आवळू नयेत.

वायरच थेट अंगाला चिकटवण्याचा मोह टाळावा, कारण दुरुस्तीच्या वेळी ती सोडवताना आवरण फाटते. ग्लू गनचा गोंद उन्हात मऊ पडतो. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन उघड्या तांब्याला गंजवते, शिवाय त्याचा अंश राहिलेल्या जागी पुढे इपॉक्सी धरत नाही. मासे ठेवायच्या कप्प्याला थर्मोकोल असेल तर पीव्हीसीची वायर त्याला टेकू देऊ नये; आवरणाला लवचीक ठेवणारे द्रव्य थर्मोकोलमध्ये उतरते आणि आवरण कडक होऊन तडकते. पंपाच्या वायरीचे जोड साचणाऱ्या पाण्याच्या वर ठेवावेत, आणि उपकरणात शिरण्यापूर्वी प्रत्येक वायरीला खाली थोडा झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी आत न जाता तिथेच ठिबकेल.

1 जूनपासून मासेमारी बंद झाली की होडी वर ओढली जाते आणि अशा कामांना सवड मिळते हे खरे. परंतु तोवर हवा दमट झालेली असते आणि ओलसर फायबरवर इपॉक्सी नीट बसत नाही. त्यामुळे शाकारण्यापूर्वी, मे महिन्यातल्या कोरड्या दिवशी हे उरकावे. ॲसिटोनची वाफ पेट घेते, तेव्हा बॅटरी सोडवून आणि पेट्रोलची टाकी होडीबाहेर काढूनच कामाला बसावे.