लघवीतली साखर आणि विटकरी रंगाची नळी

‘मॅडम, लघवीत साखर आली आहे. आता किडनी गेली का?’ मधुमेहाच्या दवाखान्यात समुपदेशक म्हणून बसताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की, समोरची व्यक्ती फाइल उघडून अहवालावर बोट ठेवते, तेव्हा ते बोट कुठल्या ओळीवर थांबणार हे मला आधीच कळते. पूर्वी हा प्रश्न साखर हाताबाहेर गेलेल्या रुग्णांकडून येत असे. अलीकडे मात्र ज्यांची रक्तातली साखर उत्तम आहे, तेच अधिक घाबरून येतात, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा त्यांच्या औषधाच्या पाकिटात असते. डॅपाग्लिफ्लोझिन या, रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या औषधाचे मूळ पेटंट भारतात २०२० मध्ये संपले, त्यानंतर स्वस्त गोळ्या तालुक्याच्या दुकानांपर्यंत पोहोचल्या आणि लघवीत ‘चार प्लस’, म्हणजे भरपूर साखर दाखवणारे अहवालही घरोघरी पोहोचले.

या प्रश्नाचे उत्तर शास्त्राच्या दृष्टीने अवघड नाही. ते माणसाच्या मनात उतरवणे अवघड असते, आणि ते मला एका काकांनी शिकवले. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

काका पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले, वय त्रेसष्ट. पहिल्या भेटीत त्यांनी टेबलावर एक वही ठेवली. पट्टीने आखलेले रकाने, तारीख, वेळ, उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, प्यायलेले पाणी. धरणाच्या पाणीपातळीची नोंद ठेवणाऱ्या माणसाच्या हातची ती वही होती. शेवटच्या रकान्यात ‘लघवी’ असे लिहून त्याखाली पाच ठिकाणी लाल पेन्सिलीने चार अधिक चिन्हे काढली होती, आणि शेवटच्या वेळी पेन्सिल इतकी दाबली होती की कागद फाटला होता.

‘जेवण काय असतं काका?’

‘सकाळी एक भाकरी. रात्री काही नाही. एकादशी होतीच, आता सोमवारही धरला आहे.’

‘आणि पाणी?’

‘दिवसाला चार पेले. किडनीला जितकं काम कमी, तितकी ती टिकेल, असा विचार केला.’

शेजारी बसलेल्या काकू इतका वेळ गप्प होत्या. त्या एकदम म्हणाल्या, ‘हे सगळं दाखवायला आहे मॅडम. हे चोरून गूळ खातात. नाहीतर चार प्लस येईल कुठून?’ काकांनी मान खाली घातली. त्या घरात अहवालाच्या एका ओळीने पाच महिने न्यायनिवाडा चालवला होता आणि आरोपीला आपली बाजू मांडायला शब्दच सापडत नव्हते.

मी वहीतले आकडे पुन्हा पाहिले. उपाशीपोटी ११८, जेवणानंतर १५६, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ६.९ टक्के. किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा, क्रिएटिनिन, योग्य; लघवीतले अल्ब्युमिन हे प्रथिनही मर्यादेत. गूळ चोरून खाणाऱ्याची ही वही नव्हती. मात्र काका डॅपाग्लिफ्लोझिनचीच गोळी घेत होते, आणि ती चालू असताना असे उपाशी राहणे आणि पाणी तोडणे धोक्याचे असल्यामुळे मी त्यांना लगेच डॉक्टरांकडे नेले. त्यांनी रक्तातील कीटोनची, म्हणजे शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागले की तयार होणाऱ्या आम्लांची तपासणी करून घेतली, जेवण आणि पाणी पूर्ववत करायला सांगितले, आणि ‘समजावण्याचे काम तुमचे’ म्हणून काकांना पुन्हा माझ्याकडे पाठवले.

दुसऱ्या भेटीत मी चित्र काढून समजावले. किडनी दिवसभरात सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळते. अर्थात रक्तातले तेच पाणी पुन्हा पुन्हा गाळले जाते आणि त्यातले जवळपास सगळे परत घेतले जाते, म्हणून लघवी दीड-दोन लिटरच होते. रक्तातली साखर शंभरच्या आसपास, म्हणजे दर शंभर मिलिलिटरला शंभर मिलिग्रॅम असेल, तर गाळलेल्या प्रत्येक लिटरमागे एक ग्रॅम, म्हणजे दिवसाला साधारण १८० ग्रॅम साखर गाळणीतून पलीकडे जाते. पावकिलोच्या पुड्यापेक्षा थोडीच कमी. एरवी आपल्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी जेमतेम चमचाभर साखर असते, हे लक्षात घेतले म्हणजे किडनी केवढा खजिना दररोज हाताळते ते कळते. ती हा खजिना लघवीत जाऊ देत नाही. गाळणीनंतर लगेच जी बारीक वळणदार नलिका लागते, तिच्या भिंतीत साखर उचलणारी प्रथिने असतात. त्यांतले एक प्रथिन नव्वद टक्क्यांच्या आसपास साखर उचलते, उरलेली पुढे दुसरे उचलते, आणि सगळी साखर रक्तात परत जाते. या उचलण्याला मर्यादा आहे. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की उचलणारे हात अपुरे पडतात आणि उरलेली साखर लघवीत उतरते. ती आपल्याबरोबर पाणीही ओढून नेते, म्हणून साखर वाढलेल्या माणसाला वारंवार लघवी होते आणि मग घशाला कोरड पडते. काकांच्या गोळीने यातल्या पहिल्या, मुख्य प्रथिनालाच अडवले होते, त्यामुळे रक्तातली साखर १५० असतानाही दिवसाला पन्नास ते ऐंशी ग्रॅम साखर लघवीवाटे बाहेर पडणे, हे त्या गोळीचे कामच होते.

काकांनी सगळे ऐकले, वहीत लिहून घेतले, ‘समजलं’ म्हणाले. पंधरा दिवसांनी कळले की, ते गोळी एक दिवसाआड घेत होते.

माझी वर्षानुवर्षांची श्रद्धा आहे की माहिती रिकाम्या जागेत उतरते, आणि भीतीने भरलेल्या मनात रिकामी जागा नसते. माणसाने न घेतलेली गोळी हा त्याचा हट्ट समजून आपण त्याला अधिक माहिती देतो, तेव्हा आपण त्याचेच उत्तर ऐकण्याची संधी घालवतो. म्हणून तिसऱ्या भेटीत मी चित्र काढले नाही. मी एवढेच विचारले, ‘काका, लघवीत साखर हे शब्द तुम्ही पहिल्यांदा कधी ऐकलेत?’

ते बराच वेळ बोलले नाहीत. बाहेर नंबर पुकारला जात होता. मग त्यांनी हातानेच अंतर दाखवले, एवढी काचेची नळी.

त्यांचे वडील प्राथमिक शिक्षक होते. घरी ग्लुकोमीटर नसण्याचा तो काळ. वडील रोज सकाळी नळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण घेत, त्यात लघवीचे आठ थेंब टाकत आणि स्पिरिटच्या दिव्यावर नळी धरत. मुलाचे काम काड्यापेटी आणून देण्याचे आणि नळीकडे पाहण्याचे. निळे राहिले तर वडील हसत. हिरवे झाले तर गप्प होत, पिवळे-नारिंगी झाले तर आई भात काढून घेई. आणि एक दिवस द्रावण विटकरी झाले. मग ते विटकरीच होत राहिले. काही वर्षांनी वडिलांची किडनी निकामी झाली आणि ते गेले. आजी शेवटपर्यंत म्हणत राहिली की मास्तरांनी पथ्य पाळले नाही.

‘मॅडम, लॅबवाल्यांचा कागद पांढरा असतो, पण मला त्यावर ती नळी दिसते.’

त्या क्षणी मला उलगडले की काका लघवीतल्या साखरेला दोन गोष्टींचा पुरावा मानत होते. एक, किडनी फुटली. दोन, माणूस बेइमान निघाला. काकूंच्या गुळाच्या आरोपाला ते उत्तर देऊ शकत नव्हते, कारण मनातल्या मनात त्यांनी तो आरोप वडिलांवर पन्नास वर्षे मान्य केलेला होता.

मी म्हटले, ‘वडिलांची नळी विटकरी होत होती तेव्हा त्यांची किडनी साखर उचलायचं काम करतच होती. रक्तातच इतकी साखर होती की उचलून उरत होती. तीच वाढलेली साखर वर्षानुवर्षे किडनीच्या गाळणीला त्रास देत राहिली. नळीने किडनी घालवली नाही काका, नळी रक्ताची बातमी देत होती. आणि त्या काळात औषधं किती तुटपुंजी होती, हे मास्तरांच्या बाजूने कोणी बोललंच नाही.’

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मग मी त्यांना त्यांच्याच खात्यातला प्रश्न विचारला. ‘पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी आलं, म्हणजे धरण फुटलं असं तुम्ही म्हणत होता का?’

‘छे! पातळी वर गेली की पाणी सांडव्यावरून जाणारच. धरण सुरक्षित राहावं म्हणूनच सांडवा असतो.’

‘आणि धरण भरलेलं नसताना नदीत पाणी दिसलं तर?’

‘तर आधी विचारायचं, दार कोणी उघडलंय का.’

हे वाक्य बोलून ते थांबले. माझ्याकडे न पाहता वहीकडे पाहत राहिले, ११८, १५६, आणि शेजारची लाल चिन्हे. मग अगदी हळू म्हणाले, ‘म्हणजे माझं धरण भरलेलं नाही. गोळीने दार उघडलंय. मुद्दाम.’

इतक्या वर्षांत मी या विषयावर पुष्कळ चित्रे काढली आहेत, पण इतके नेमके मला एकदाही सांगता आले नव्हते. मी त्यात एकच भर घातली: गाळणीच मंदावली, तर या गोळीने बाहेर पडणारी साखरही कमी होते. गोळी चालू असताना लघवीत भरपूर साखर दिसते, याचा अर्थ गाळणी पाणी पुढे पाठवते आहे. काकूंनी हे ऐकले आणि पदराने तोंड पुसत म्हणाल्या, ‘मग मी उगीच गुळाचा डबा लपवला.’

त्यानंतरचे बोलणे सोपे झाले. या गोळ्यांचा पूर्वज फ्लोरिझिन नावाचा पदार्थ १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून वेगळा केला गेला होता, हे सांगितल्यावर काकांचे डोळे चमकले. ‘मधुमेह’ हा आपला जुना शब्दच गोड लघवीवरून आलेला आहे. इंग्लंडमध्ये मॅथ्यू डॉब्सन यांनी अशा रुग्णांची लघवी आटवून तिच्यात साखर असल्याचे १७७६ मध्ये दाखवले. शेकडो वर्षे जी खूण रोगाची मानली, तीच आता उपचाराची वाट झाली आहे. २०१९ नंतरच्या मोठ्या चाचण्यांत या गटातल्या औषधांनी मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतो असे दिसले, आणि आता मधुमेह नसलेल्या काही मूत्रपिंडाच्या व हृदयाच्या रुग्णांनाही डॉक्टर ती देतात. सुरुवातीच्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन किंचित वाढू शकते, त्या वेळीही गोळी स्वतः बंद न करता डॉक्टरांना विचारावे.

किडनीची काळजी करणाऱ्या प्रत्येकाला मी दोन तपासण्यांची नावे पाठ करायला लावते: लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर, आणि रक्तातील क्रिएटिनिनवरून काढलेला गाळण्याचा वेग. मधुमेहात वर्षातून किमान एकदा त्या व्हायलाच हव्यात. साखर लहान असते, ती निरोगी गाळणीतूनही सहज पलीकडे जाते. अल्ब्युमिन हे मोठे प्रथिन, ते वारंवार लघवीत सापडू लागले तर गाळणीकडे लक्ष द्यायला हवे. लोक साखरेच्या ओळीला घाबरतात आणि अल्ब्युमिनची तपासणी करूनच घेत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ही गोळी घेणाऱ्यांनी काही गोष्टी मात्र गांभीर्याने घ्याव्यात. गोड लघवीमुळे जननेंद्रियाच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊन खाज येऊ शकते. संकोच न करता सांगावे, जागा स्वच्छ आणि कोरडी ठेवावी. हृदयासाठी पाण्यावर बंधन घातलेले नसेल तर पाणी पुरेसे प्यावे. उलट्या, जुलाब, ताप, कडक उपवास किंवा शस्त्रक्रिया असेल तर गोळी थांबवायची का, हे डॉक्टरांना आधी विचारावे. शस्त्रक्रियेपूर्वी ती साधारण तीन दिवस बंद ठेवतात. मळमळ, पोटदुखी, धाप, कमालीचा थकवा असेल, तर ग्लुकोमीटर चांगला आकडा दाखवत असला तरी लगेच रुग्णालयात जावे, कारण या औषधात रक्तातली साखर फार न वाढताही कीटोन वाढू शकतात. काकांचा रात्रीचा उपास म्हणूनच मला त्यांच्या लाल चिन्हांपेक्षा जास्त भीतिदायक वाटला होता.

गोळी चालू नसतानाही लघवीत साखर आलेली माणसे माझ्याकडे येतात. गरोदरपणात गाळण्याचा वेग वाढतो आणि रक्तातली साखर ठीक असताना लघवीत साखर उतरू शकते. तरीही गरोदर स्त्रीने ‘असे होतेच’ म्हणून सोडून न देता ग्लुकोज पाजून केलेली रक्ततपासणी करून घ्यावी. काही जणांना साखर उचलणारे प्रथिन जन्मतःच कमी पडते. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत असा एखादा तरुण अचानक ‘मधुमेही’ ठरतो आणि घर हादरते. रक्ततपासणी पूर्णपणे योग्य असेल तर ही अवस्था बहुधा निरुपद्रवी असते. याउलट, वय झालेल्या किंवा जुना मधुमेह असलेल्या व्यक्तींमध्ये साखर लघवीत उतरू लागण्याची पातळीच १८०च्या वर सरकलेली असू शकते, म्हणजे रक्तात साखर वाढूनही लघवी स्वच्छ दिसते. लघवी मागच्या काही तासांची गोष्ट सांगते. या क्षणाची गोष्ट रक्ताला विचारावी लागते.

काका तीन महिन्यांनी आले तेव्हा वजन किलोभर वाढले होते आणि रात्री भाकरी-भाजी पुन्हा सुरू झाली होती. गोळी रोज चालू होती. वहीत ‘लघवी’चा रकाना होता, लाल पेन्सिल नव्हती. शेजारी त्यांनी नवा रकाना आखला होता, ‘अल्ब्युमिन’. लॅबला द्यायच्या चिठ्ठीवर, तपासणाऱ्याने घाबरवू नये म्हणून, स्वच्छ अक्षरात लिहून आणले होते: ‘गोळी चालू आहे. दार मुद्दाम उघडे ठेवलेले आहे.’