वाचकांचे प्रश्न : गेजचा काटा की मनगटावरचा आकडा?

निपाणीहून एका वाचकाचं पत्र : तारकर्लीत स्कूबा डाइव्हिंगचा पहिला, ‘ओपन वॉटर’ कोर्स झाला. आता स्वतःचं सामान घ्यायचं आहे. मित्र म्हणतो, रेग्युलेटरला (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणाऱ्या यंत्राला) ट्रान्समीटर लाव. हवा किती उरली ते मनगटावरच दिसतं, मग ती लोंबकळणारी नळी आणि गेज हवंच कशाला? माझे पैसे दोन्हीला पुरणार नाहीत. काय घेऊ?

गेज घ्या. त्याच्या जोडीला ट्रान्समीटर नसलेला साधा डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ सांगणारं मनगटी यंत्र) घ्या. पुढे पैसे जमले की ट्रान्समीटर जरूर लावा, पण तेव्हाही गेज काढू नका.

काम दोघांचं एकच, सिलिंडरमधला दाब सांगणं. गेजमध्ये पितळेसारख्या धातूची एक वाकडी, चपटी नळी असते. दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा फिरतो. त्यात ना बॅटरी, ना सिग्नल. ट्रान्समीटर तोच दाब सेन्सरने मोजून साधारण दर पाच सेकंदांनी मनगटावरच्या कॉम्प्युटरला कळवतो. नवख्या माणसाला नडतात ती हीच पाच सेकंदं.

होडीवर बसल्या बसल्या हे करून पाहा. सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा, रेग्युलेटर तोंडात धरा, नजर काट्यावर ठेवा आणि चार खोल श्वास घ्या. काटा जागचा हलला नाही तर ठीक. प्रत्येक श्वासाला तो झटक्यात खाली जाऊन परत वर येत असेल, तर व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही. अर्धवट उघडलेल्या व्हॉल्व्हमधून वर होडीवर श्वास नीट येतो, कारण तिथे लागणारी हवा कमी. २० मीटरवर तोच श्वास तिप्पट हवा मागतो आणि मग ओढूनही हवा येत नाही. काट्याचा तो झटका अर्ध्या सेकंदाचा असतो. ट्रान्समीटरच्या दोन निरोपांच्या मध्ये तो सहज निसटतो आणि स्क्रीनवर १९८ बार (बार हे दाबाचं एकक) असा शांत आकडा दिसत राहतो. म्हणून व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. पूर्ण उघडून पाव आटा मागे फिरवायची जुनी सवय सोडलेली बरी, कारण घाईत ‘बंद करून पाव आटा उघडला’ अशी उलटी चूक त्यातूनच होते.

व्हॉल्व्ह उघडण्याआधी आणखी एक गोष्ट बघा. दाब नसताना काटा बरोबर शून्यावर हवा. तो १५ वर अडकलेला असेल, तर पाण्यात तुम्ही ५० वाचता तेव्हा सिलिंडरमध्ये ३५ च असण्याची शक्यता आहे. असं गेज दुरुस्तीला द्या, ‘एवढ्याने काय होतं’ म्हणून चालवू नका. व्हॉल्व्ह हळू उघडा आणि उघडताना डायलची काच कुणाच्याही तोंडासमोर धरू नका.

मनगटावर ‘हवा इतकी मिनिटं पुरेल’ असंही दिसतं, तो हिशेब गेजवरही जमतो. ११.१ लिटरचं ॲल्युमिनियमचं सिलिंडर, सरासरी खोली १२ मीटर, २० मिनिटांत काटा २०० वरून १४० वर आला असं समजा. ६० गुणिले ११.१ म्हणजे ६६६ लिटर. भागिले २०, म्हणजे मिनिटाला ३३.३. १२ मीटरवर एकूण दाब २.२ बार, म्हणून ३३.३ भागिले २.२, उत्तर साधारण १५ लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला तुम्हाला एवढी हवा लागते. दहा डुबक्यांनंतर वहीत हे आकडे मांडून बघा. स्वतःचा श्वास एकदा आकड्यात कळला की काट्याकडे बघण्याची नजरच बदलते.

कारवारहून एक वाचक : माझ्याकडे ट्रान्समीटर आहे, गेज काढून टाकलं आहे. मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला फोटो काढताना मध्येच आकडा जातो, नुसत्या रेघा दिसतात. शिवाय पाण्यात उतरल्या उतरल्या सात-आठ बार कमी दाखवतो. हवा गळते का?

सात-आठ बारचं कारण बहुतेक ऊन आहे. २०० बारच्या सिलिंडरचा दाब दर एक अंश सेल्सियसला साधारण ०.६ ते ०.७ बारने बदलतो. होडीवर ४० अंशांपर्यंत तापलेलं सिलिंडर २८ अंशांच्या पाण्यात गेलं की न श्वास घेताच आठेक बार उतरतात. सिलिंडर सावलीत ठेवा आणि डुबकीचं नियोजन पाण्यात उतरल्यानंतरच्या आकड्यावरून करा. मात्र पुढेही दाब नेहमीपेक्षा वेगाने उतरत असेल, तर बडीला (जोडीदार डाइव्हरला) तुमच्या मागे बुडबुडे निघताहेत का ते बघायला सांगा.

सिग्नलचं असं आहे : नेहमीच्या रेडिओलहरी पाण्यात, त्यातही खाऱ्या पाण्यात, लगेच विरतात. म्हणून बहुतेक ट्रान्समीटर फार कमी वारंवारितेवर चालतात आणि त्यांचा पल्ला जेमतेम एक मीटर असतो. गार्मिनचा डिसेंट टी-१ ध्वनिलहरी वापरतो, त्याचा पल्ला १० मीटरपर्यंत जातो. रेडिओवर चालणाऱ्यांकडून ती अपेक्षा नको. कॉम्प्युटर डाव्या मनगटावर असेल तर ट्रान्समीटरही फर्स्ट स्टेजच्या (रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा भाग) डाव्या बाजूच्या हाय-प्रेशर पोर्टमध्ये (जास्त दाबाच्या जोडणीच्या भोकात) हवा. कॅमेरा धरून हात लांब केला की अंतर वाढतं. त्यात फ्लॅश चार्ज होताना निघणाऱ्या विद्युत गोंगाटात निरोप हरवतो. मनगट खांद्याजवळ आणा, फ्लॅश थांबवा, १५-२० सेकंद वाट बघा. आकडा बहुतेक वेळा परत येतो.

नाही आला, तर तुमच्याकडे गेज नसल्यामुळे डुबकी तिथेच संपली. बडीला खूण करा, मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेगाने वर येऊ नका, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा. ‘मघाशी १२० होते, म्हणजे अजून शंभर तरी असतील’ हा अंदाज करू नका. आमचं स्पष्ट मत आहे, काढलेलं गेज परत लावा. फर्स्ट स्टेजला सहसा दोन हाय-प्रेशर पोर्ट असतात, म्हणजे जागा आहेच.

ट्रान्समीटरची बॅटरी कमी असल्याचा इशारा आला की त्याच दिवशी बदला. झाकणाच्या ओ-रिंगवर (रबरी कडीवर) केस किंवा वाळूचा कण राहिला तर आत पाणी शिरतं, तेव्हा ती पुसून, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवूनच बसवा. ट्रान्समीटर घट्ट करताना पाना धातूच्या नटावर लावा, प्लॅस्टिकच्या अंगावर नाही. होडीवरच्या मुलांना आधीच सांगून ठेवा : ते बाहेर आलेलं बोंड सिलिंडर उचलायची मूठ नाही. त्याला धरून सिलिंडर उचललं की ट्रान्समीटर मानेशी मोडू शकतो. १५ सेंटीमीटरची आखूड हाय-प्रेशर नळी मध्ये घातली तर हा धोका पुष्कळ कमी होतो.

खानापूरहून : गेज जिथे नळीला जोडलंय तिथून बारीक बुडबुड्यांची माळ निघते. धोका आहे का?

तेवढ्याने घाबरू नका. हाय-प्रेशर पोर्टचं भोक सुईच्या टोकाएवढं असतं, त्यामुळे नळी फुटली तरी सिलिंडर क्षणात रिकामं होत नाही. तरी बुडबुडे दिसले की वर या आणि त्याच संध्याकाळी दुरुस्ती करा. व्हॉल्व्ह बंद करून रेग्युलेटरचं बटण दाबा आणि सगळा दाब काढा. दोन पाने लावून गेज सोडवा. आत एक छोटी फिरकी पिन दिसेल, तिच्या दोन टोकांना दोन इवल्या ओ-रिंग असतात. त्याच झिजतात. दोन्ही बदला, ग्रीस लावा आणि बेताने आवळा. गेज नळीवर सहज फिरलं पाहिजे.

टिळकवाडी, बेळगावहून : रविवारी सकाळी तारकर्लीला दोन डुबक्या मारून संध्याकाळी आंबोलीमार्गे घरी येतो. कॉम्प्युटरवर विमानाचं चिन्ह दिसत राहतं. आम्ही तर गाडीने येतो, मग त्याचा आमच्याशी संबंध काय?

संबंध आहे, आणि आपल्या भागातल्या डाइव्हरचा तर सगळ्यात जास्त. ‘अजून विमानात बसू नका’ असं सांगणारं ते चिन्ह खरं तर उंचीबद्दल बोलतं. डुबकीत अंगात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडत असतो. तेवढ्यात भोवतालचा दाब घटला तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी. ‘डॅन’ या डाइव्हरांच्या सुरक्षा संस्थेने डुबकीनंतरच्या विमानप्रवासासाठी जी किमान वेळ सांगितली आहे, ती ६१० मीटरपासून पुढच्या उंचीला धरून आहे : एकच डुबकी असेल तर १२ तास, जास्त डुबक्या असतील तर १८. या हिशेबात आपलं घरच बसतं. आंबोली, चोर्ला, अनमोड, कोणत्याही घाटाने आलात तरी फरक नाही. कारवारकरांना नेत्राणीहून किनाऱ्या-किनाऱ्याने घरी जाता येतं, त्यांना ही अडचण नाही.

घाटात खांदा किंवा कोपर दुखायला लागलं, बोटांना मुंग्या आल्या, अंगावर चट्टे उठले किंवा विचित्र थकवा वाटला, तर ‘सिलिंडर उचलून दुखत असेल’ म्हणू नका. आणखी वर चढू नका. ऑक्सिजन मिळेल अशा दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना आधी सांगा की आज डुबकी मारली होती.

उपाय सोपा आहे. डुबक्या शनिवारी करा. शेवटची दुपारी एकला संपली तर रविवारी सकाळी सातला १८ तास होतात. रविवारी सकाळी मालवणात सिंधुदुर्ग किल्ला बघा, जेवा आणि दुपारी निघा. सावंतवाडी सोडण्याआधी एकदा मनगट बघा. विमान अजून दिसत असेल तर चहा घेऊन थांबा, गेलं असेल तर घाट चढा.