मोबाईलवर भूमिती दाखवू का नको?

प्रश्न : सर नमस्कार, आम्ही रंकाळ्याजवळ राहतो. मुलगी नववीत आहे, स्टेट बोर्ड, मराठी मिडीयम. बीजगणित जमतंय पण भूमिती आली की रडकुंडीला येते, प्रमेय घोकून लिहिते आणि आकृतीतली अक्षरं बदलली की संपलं सगळं. शाळेत स्मार्ट बोर्ड आहे पण त्यावर नुसते व्हिडिओ लावतात म्हणे. कुणीतरी सांगितलं की जिओजेब्रा म्हणून ॲप आहे ते द्या. मिस्टर म्हणतात मोबाईल हातात दिला की गणित राहील बाजूला. काय करू?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, द्या. पण तुम्ही शेजारी बसा, समोर वही-पेन्सिल ठेवा आणि वीस मिनिटंच द्या.

तुम्ही लिहिलंय ना की अक्षरं बदलली की संपलं, तिथंच सगळं आहे बघा. पुस्तकातला त्रिकोण कायम पायावर नीट बसलेला असतो, वर शिरोबिंदू, खाली पाया. पोरीनं ते एक चित्रच पाठ केलंय, त्रिकोण नाही. ॲपमधे एक टोक बोटानं धरून ओढलं की तोच त्रिकोण आडवा होतो, तिरका होतो, विशालकोन होतो आणि तरी तिन्ही कोनांची बेरीज १८० च्या १८०. काय बदलतं आणि काय बदलत नाही हे बोटाला कळायला लागतं, आणि भूमिती म्हणजे तरी दुसरं काय हो. व्हिडिओत हे होत नाही कारण तिथं ओढणारा दुसराच कुणीतरी असतो, मूल नुसतं बघतं, बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि वही उघडली की पान कोरं. मी स्वतः वर्गात बरीच वर्षं असे ॲनिमेशन लावले, मुलं खूश असायची, म्हणून मला वाटायचं की कळलंय. पेपर तपासताना लक्षात आलं की नाही कळलेलं.

जिओजेब्रा फुकट आहे, एकदा डाउनलोड केलं की नेटशिवाय पण चालतं. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली आपल्या प्रबंधासाठी ते बनवायला घेतलं, भूमिती आणि बीजगणित एकाच पडद्यावर यावं म्हणून. तुमच्या मुलीला बीजगणित जमतंय म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे.

सुरुवात अशी करा. एबी रेषाखंड काढायचा, त्याचा मध्य एम, एम केंद्र धरून ए आणि बी मधून जाणारं वर्तुळ, वर्तुळावर कुठंही सी बिंदू. सी ला ए आणि बी जोडा आणि सी चा कोन मोजायला लावा. आता सी ला हात लावायच्या आधी तिला विचारा, हा बिंदू ए कडे सरकवला तर कोन वाढेल का कमी होईल? उत्तर वहीत लिहूनच घ्यायचं, हे सोडू नका, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. बहुतेक मुलं लिहितात कमी होईल. मग ओढू दे तिला. ९० चं ९० च राहतं आणि पोरगी तुमच्याकडे बघते, त्या क्षणाला ती स्वतः विचारते, असं का?

तिथं मोबाईल पालथा ठेवा. स्क्रीनवर हजार वेळा ९० आलं म्हणून प्रमेय सिद्ध होत नाही, सिद्धता वहीतच. एम आणि सी जोडायचे. एमए, एमबी, एमसी तिन्ही त्रिज्या, म्हणजे दोन समद्विभुज त्रिकोण झाले, म्हणजे सी च्या कोनाचा एक तुकडा ए च्या कोनाएवढा आणि दुसरा बी च्या कोनाएवढा. मग सी = ए + बी आणि तिघांची बेरीज १८०, तर सी ९० च येणार. नववीतला कर्णावरच्या मध्यगेचा (शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंतची रेषा म्हणजे मध्यगा) गुणधर्म आणि दहावीतला अर्धवर्तुळातला कोन, दोन्ही या एका चित्रात आहेत. उद्या अक्षरं पी क्यू आर केली तरी तिचं काही अडणार नाही.

अजून एक सांगतो, कोल्हापूरच्या मुलांना हे सांगताना मला फार आनंद होतो. अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळत्या सूर्याची किरणं थेट देवीच्या मूर्तीवर पडतात तो, तिनं पाहिला असेलच, नोव्हेंबरमधे ९, १०, ११ आणि परत ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. सूर्य मावळतीला खाली खाली जातो आणि किरणं मात्र आधी चरणांवर मग वर वर चढत मुखापर्यंत. तिला विचारा, सूर्य खाली जाताना किरण वर कसा चढतो? पुठ्ठ्याला भोक पाडा, अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा उजेड त्यातून भिंतीवर पाडा आणि टॉर्च खाली नेत जा, ठिपका वर जातो. मग तेच ॲपमधे तीन बिंदू (टॉर्च, भोक, ठिपका) आणि एका रेषेनं करू दे. नववीच्याच त्रिकोणमितीत टॅन शिकवतील तेव्हा तिला आठवेल की हे आपण बघितलंय. आणि किरणं जिकडून आत येतात त्या महाद्वाराच्या (देवळाचा पश्चिम दरवाजा) बाजूला मधे एखादी इमारत उंच झाली तर आधी कुठली किरणं अडणार, चरणांवरची का मुखावरची, हेही ती स्वतः रेषा ओढून सांगू शकेल. तारखांचं पण तसंच, २१ डिसेंबरच्या, म्हणजे सगळ्यात लहान दिवसाच्या, मागं-पुढं साधारण ४१-४२ दिवस मोजा, दोन्ही किरणोत्सव तिथंच येतात, कारण त्या दोन्ही वेळी मावळता सूर्य पश्चिमेपासून दक्षिणेला सारखाच, अठरा अंशांच्या आसपास सरकलेला असतो.

मिस्टरांना पण शेजारी बसवा की एक दिवस, अंदाज त्यांच्याकडून पण लिहून घ्या.

प्रश्न : मी पन्हाळा तालुक्यात शिकवतो. वर्गात ३८ मुलं, प्रोजेक्टर नाही, माझा एकच फोन. आम्ही काय करायचं?
– एक शिक्षक

उत्तर : सर, फोन शेवटी काढा. आधी प्रत्येक गटाला पुठ्ठ्याचा त्रिकोण कापायला द्या, कसाही वेडावाकडा चालेल. तीन मध्यगा काढायच्या, त्या जिथं मिळतात तिथं पेन्सिलचं टोक लावायचं, त्रिकोण तोलून राहतो. पट्टीनं मोजलं की शिरोबिंदूकडचा भाग दुसऱ्याच्या दुप्पट. पण कापलेला त्रिकोण बदलता येत नाही, आणि फोनची गरज तेवढ्याचसाठी आहे. एकेका गटाला दोन-दोन मिनिटं द्या, टोक ओढू दे, २:१ हलतंय का बघू दे. तोवर बाकीचे गट वहीत अंदाज लिहितील. पुठ्ठा जाड बघून घ्या, वहीच्या कव्हरचा वाकतो आणि मग तोल लागत नाही.